चार बोल्ट, प्रत माहितीस्तव

कागद जिथे थांबतो तिथे कुणाला तरी काम करावं लागतं. म्हणून सुज्ञ प्रशासन कागद थांबू देत नाही.

हे तत्त्व आपल्याकडे जुनंच आहे. पण पूर्वी त्याची अंमलबजावणी माणसांच्या हाती होती, आणि माणूस म्हटला की उणीव आलीच. टपाल घेऊन निघालेला शिपाई वाटेत चहाला थांबायचा. कारकून बहिणीच्या लग्नाला जायचा. साहेबांच्या टेबलावर कागद आठ-आठ दिवस पडून राहायचा आणि एखाद्या दुपारी, जेवण जरा जड झालेलं असताना, साहेब तो चुकून वाचायचे. तिथेच घोटाळा व्हायचा, कारण वाचलेल्या कागदाचं काहीतरी करावंसं वाटतं. (एका खोऱ्यात एक विहीर अशा निष्काळजीपणातून खोदली गेली, असं जुने लोक सांगतात. तिला पाणीही लागलं म्हणे.)

हे प्रकार कायमचे बंद व्हावेत म्हणून पौडला एसटी स्टँडसमोर, खतांच्या दुकानाच्या माडीवर, 'खोरे सुविधा अग्रेषण केंद्र' उघडण्यात आलं. अग्रेषण म्हणजे पुढे पाठवणे. 'पुढे पाठवणे केंद्र' अशी पाटी लावली असती तर कुणीही म्हणालं असतं की एवढं तर आम्हीही घरबसल्या करतो. म्हणून संस्कृताची मदत घेतली गेली.

केंद्रात माणसं दोन. एक समन्वयक निरंजन साहेब. ते रोज बावधनहून गाडीने येत आणि पिरंगुटच्या ट्रॅफिकविषयी मनातलं सगळं बोलून होईपर्यंत जिना चढून वर पोचत. दुसरी सुरैया मुलाणी, संगणक चालक, अकरा महिन्यांच्या करारावर. सुरैयाचे वडील अल्लाबक्ष यांचं बाजारपेठेत हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, कड्या, नळाच्या तोट्या, पत्र्याच्या पेट्या, असं. मुलाण्यांच्या घरात टेबलखुर्चीवर बसून पगार घेणारी सुरैया पहिलीच. तेव्हा तिच्या खुर्चीविषयी घरात तिच्यापेक्षा जास्त काळजी वाहिली जात असे.

तिसरं होतं 'शीघ्रदूत'. हे फाइल पाठवण्याचं सॉफ्टवेअर. पहिल्या दिवशी निरंजन साहेबांनी सुरैयाला प्रशिक्षण दिलं, ते असं:

"हे बघ, तू फक्त फाइल या फोल्डरमध्ये चढवायची. पुढे ती कुठे जाणार, कुणाला किती प्रती, सगळं सिस्टीम ठरवते. फाइल चढली की आपला विषय संपला."

"आणि तिकडं पोचल्यावर फाइलचं काय होतं, सर?"

"पुढे जाते."

"आणि तिथून?"

"तिथूनही पुढे जाते. तेच तर फीचर आहे."

प्रशिक्षण संपलं.

आता फाइल पुढे कुठे जाते, याला नियम आहेत. ते नियम बसवण्यासाठी चौदा कार्यालयांना एक छापील तक्ता धाडण्यात आला होता. त्यात एकच प्रश्न होता: 'आपल्याकडे आलेली फाइल आपण पुढे कुणाकुणास पाठवता?' हा विचार कोणत्याच कार्यालयाने आजवर केलेला नव्हता. म्हणून प्रत्येकाने कपाटातून हाताला लागलेलं एक जुनं पत्र काढलं आणि त्याच्या तळाशी 'प्रत माहितीस्तव' म्हणून जी यादी असते, ती जशीच्या तशी उतरवून दिली. एका यादीतले अधिकारी नऊ वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. एका कार्यालयाच्या हाताला उद्घाटन समारंभाचं पत्र लागलं, त्यामुळे त्यांच्या यादीत मंडपवाला होता. तेव्हापासून खोऱ्यातल्या पाणीटंचाईच्या सगळ्या तक्रारी त्या मंडपवाल्याकडे जातात. (संपूर्ण व्यवस्थेत पत्राला उत्तर देणारा तो एकमेव इसम आहे. त्याचं उत्तर नेहमी एकच असतं: 'खुर्च्या किती लागतील?')

आणि चौदाही याद्यांच्या अगदी शेवटी एक नाव होतं: निवडनस्ती.

ज्यांनी सरकारी पत्रं शेवटपर्यंत वाचलेली नाहीत, त्यांच्या माहितीसाठी: निवडनस्ती हा कुणी अधिकारी नव्हे. ती त्या कार्यालयाच्या स्वतःच्या कपाटातली जाड फाइल असते. पत्राची शेवटची प्रत भोक पाडून तिच्यात लावतात आणि मग कपाटाला कुलूप घालतात. पिढ्यानपिढ्या हे सुरळीत चाललं होतं. पण शीघ्रदूतला प्रत्येक नावापुढे पत्ता लागतो, आणि कपाटाला पत्ता कुठला? रकाना रिकामा ठेवला की सॉफ्टवेअर लाल व्हायचं. निरंजन साहेब व्यवहारी माणूस. त्यांनी चौदाही निवडनस्त्यांना एकच पत्ता देऊन टाकला, आपल्याच केंद्रातल्या त्या फोल्डरचा, ज्यात सुरैया फाइल चढवत असे. कपाट काय आणि फोल्डर काय, ठेवल्याशी मतलब, असा त्यांचा हिशेब होता आणि त्यात वरवर पाहता काही चूक नव्हती.

सव्वा वर्ष काही बिघडलंही नाही, कारण त्या काळात निवडनस्तीची सोय 'लवकरच' या सदरात होती. ऑगस्टच्या तिसऱ्या सोमवारी ती सुरू झाली. त्याच सोमवारी गोजराबाई अर्ज घेऊन आली.

गोजराबाई एका वस्तीवरच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. (वस्तीचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. कारण शेवटी कळेल.) पोरांची खिचडी शिजते ओढ्याच्या अलीकडे, बचत गटाच्या चुलीवर, आणि अंगणवाडी आहे पलीकडे. मध्ये ओढ्यावर साकव. साकव म्हणजे माणसांपुरता पूल. या साकवाला अकरा लोखंडी फळ्या. रोज सकाळी साडेनऊला गोजराबाई डोक्यावर पातेलं आणि कडेवर एखादं पोर घेऊन त्या अकरा फळ्या ओलांडते. ऑगस्टात ओढा कसा असतो, हे त्या बाजूच्या लोकांना सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून पटणार नाही.

"सातवी फळी निसाटलीया बग, सुरैया," ती बाकावर टेकत म्हणाली. "चारी बोल्ट गळालं. ह्या टोकाला पाय दिला की त्ये टोक उठतंय. येक दिस पातेल्यासकट जाईन मी खाली."

"अर्ज आणलाय का, मावशी?"

"आणलाय की. गटातल्या पोरीनं लिवलाय. फोटू बी काडलाय."

अर्ज एका वाक्याचा होता: 'साकवाच्या सातव्या फळीचे चार बोल्ट पडले आहेत, ते बसवून मिळावेत.' अर्ज लिहिण्याची ही पद्धत नव्हे. त्यात संदर्भ नाही, विषय नाही, 'उपरोक्त विषयास अनुसरून' नाही. वाचणाऱ्याला लगेच कळतं की काय हवंय, आणि मग त्याला पळवाट राहत नाही. सुरैयाने तरीही तो घेतला. फोटोत फळी होती, वर उचललेलं तिचं टोक होतं आणि कडेला जोडवं घातलेला गोजराबाईचा पाय होता. सुरैयाने दोन्ही फोल्डरमध्ये चढवलं. पडद्यावर एक पट्टी सरकली, आणि अडतिसाव्या सेकंदाला हिरव्या अक्षरांत उमटलं: निकाली.

"झालं, मावशी. निकाली निघाला."

"फळी बसली?"

"फळी न्हाई. अर्ज निकाली निघाला."

"मंग फळी कवा?"

सुरैयाने पडद्यावरचे रकाने पाहिले. अर्जाचा होता, दिनांकाचा होता, प्रतींचा होता, अर्जदाराच्या समाधानाचाही होता (तो आपोआप भरला जाई). फळीचा नव्हता. ती म्हणाली, "होईल, मावशी." गोजराबाईनेही मान डोलावली, कारण संगणकाच्या समोर बसून 'होईल' म्हणणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायची तिला अजून सवय होती.

तिकडे अर्ज भराभर पुढे निघाला होता. जागा वाचावी म्हणून शीघ्रदूत प्रत्येक मुक्कामी फोटो आकाराने निम्मा करतं. पहिल्या मुक्कामाला जोडवं दिसत होतं. तिसऱ्या मुक्कामाला पाय आणि फळी एकाच रंगाचे झाले. सहाव्या मुक्कामाला सगळं करडं दिसू लागलं, तेव्हा तिथल्या यंत्राने तो जलाशय असल्याचं ओळखून मत्स्यव्यवसायाकडे पाठवला आणि माशांच्या जाती कळवाव्यात असा शेरा मारला. नवव्या मुक्कामाला फोटो संपूर्ण पांढरा झाला होता. तो धुक्याचा समजून पर्यटनाच्या यादीत घेण्यात आला.

यातलं सर्वांत तत्पर कार्यालय लवासाला आहे. तळ्याकाठच्या एका रिकाम्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. तिथे अजून कुणाची नेमणूक झालेली नाही. खुर्चीवरचं प्लास्टिक तसंच आहे, संगणक मात्र चालू आहे. आलेली फाइल ते अर्ध्या सेकंदाच्या आत पुढे पाठवतं. कारण उघड आहे, मध्ये माणूस नाही. 'सर्वाधिक कार्यक्षम कार्यालय' म्हणून त्याला मानपत्र देण्यात आलं. ते मानपत्र त्याने अर्ध्या सेकंदात पुढे पाठवून दिलं.

मंगळवार गेला, बुधवार गेला. फळी तिथेच डुलत होती. गोजराबाई आता आधी पोर पलीकडे नेऊन ठेवी आणि मग पातेल्यासाठी दुसरी खेप करी.

गुरुवारी सकाळी सुरैयाने संगणक उघडला तर दप्तरी दोनशे अकरा अर्ज. लोक एवढे जागरूक झाले, याचं तिला क्षणभर कौतुक वाटलं. मग तिने एक उघडून पाहिला. गोजराबाईचा. दुसरा उघडला. गोजराबाईचा. तिसऱ्याच्या नावाआधी प्रत, प्रतीची प्रत, अंतिम प्रत असं काय काय लागलेलं होतं, पण आत गोजराबाईच होती.

झालं होतं ते सरळ होतं. चौदा कार्यालयांनी आपापल्या निवडनस्तीला एकेक प्रत पाठवली होती. ती कपाटात न जाता केंद्राच्या फोल्डरमध्ये येऊन पडली होती. फोल्डरमध्ये जी तक्रार पडते तो नवा अर्ज, असा नियम. नवा अर्ज चौदा कार्यालयांना जातो, असाही नियम. एकाचे चौदा झाले, चौदाचे एकशे शहाण्णव झाले. संध्याकाळी चार वाजता एकशे शहाण्णवांचे दोन हजार सातशे चव्वेचाळीस झाले आणि सगळे मिळून आकडा २,९५५ वर गेला. वस्तीची लोकसंख्या तान्ह्या पोरांसह १४३. म्हणजे दरडोई वीस अर्ज. त्या आठवड्याच्या अहवालात याचा उल्लेख 'अभूतपूर्व लोकसहभाग' असा आहे.

सगळेच्या सगळे निकाली होते.

सुरैया निरंजन साहेबांकडे गेली आणि तिने कागदावर गोल काढून दाखवला, की हे इथून निघतं आणि इथेच येतं. साहेब उठून खिडकीपाशी गेले. खाली एसटी मागे घेणाऱ्या कंडक्टरची शिट्टी वाजत होती.

"थांबवता येईल?" त्यांनी विचारलं.

"येईल की, सर. निवडनस्तीचा पत्ता काढून टाकला की थांबतं."

"मग थांबवायचं नाही," ते म्हणाले. "मागच्या महिन्यात आपले एकसष्ट अर्ज होते, सुरैया. एकसष्ट! केंद्र बंद करायच्या गोष्टी चालल्या होत्या वर. आणि तुझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय ना तीस तारखेला?"

ते तिला ठाऊक होतं. घरात भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेभोवती अल्लाबक्षने पेनाने गोल काढलेला होता. ती आपल्या खुर्चीवर येऊन बसली.

शुक्रवारी दुपारी ती जेवायला घरी गेली. घर दुकानाच्या मागेच आहे. जेवता जेवता तिने वडिलांना विचारलं, "अब्बा, अर्ध्या इंची बोल्ट हायेत का आपल्याकडं?"

"डबा भरून हायेत. उरवड्याच्या कारखान्याचा माल हाय, चांगला. का गं?"

तिने सांगितलं. अल्लाबक्षने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"किती म्हनलीस?"

"चार."

"चार बोल्टांसाटी तीन हजार अर्ज?"

"आता जास्त झालं असतील, अब्बा. मी निघाले तवा वाढतच हुते."

अल्लाबक्षने हात धुतला, शटर अर्ध्यावर ओढलं, चार बोल्ट, नट, वायसर आणि पाना घेतला आणि स्कूटरला किक मारली. वस्तीवर गोजराबाईचा दीर बहिरू होता, त्याने फळी धरली. वीस मिनिटांत काम झालं. त्यात चहाही धरलेला आहे.

इथपर्यंत झालेला बेकायदेशीरपणा फारसा गंभीर नव्हता. खरा गुन्हा सुरैयाच्या हातून शनिवारी घडला.

शनिवारी गोजराबाई पिशवीभर करटुली घेऊन जिना चढली. "हलत न्हाई आता. वर नाच म्हनलं तरी नाचंन मी," असं म्हणून तिने बहिरूच्या फोनमधला फोटो दाखवला. घट्ट बसलेली सातवी फळी, चार नवे कोरे बोल्ट. सुरैयाला इतका आनंद झाला, की तिने तो फोटो फोल्डरमध्ये चढवला आणि खाली लिहिलं: 'काम झाले आहे. सबब अर्ज बंद करावा.' काम झालं की अर्ज संपतो, अशी तिची समजूत होती. बाजारपेठेत वाढलेली मुलगी. गिऱ्हाइकाला माल दिला की व्यवहार मिटला, हेच तिने लहानपणापासून पाहिलेलं.

शीघ्रदूत सुरू झाल्यापासून 'काम झाले' हा मजकूर त्यात कुणीही चढवलेला नव्हता. तो कुठे पाठवायचा, याचा नियमच नव्हता. आणि ज्या फाइलीला नियम नाही ती 'इतर' या सदरात जाते, आणि 'इतर' हे सदर माणसाकडे आहे.

तो माणूस म्हणजे कनिष्ठ अभियंता नरहरी. 'इतर' पाहण्यासाठी त्यांना नेमून सव्वा वर्ष झालं होतं आणि एवढ्या काळात त्यांच्याकडे एकही फाइल आली नव्हती. अर्ज चाळीस हजार वेळा हिंडला तेव्हा कुणी जागचं हललं नाही. काम झाल्याचं कळताच सोमवारी सकाळी जीप आली. नरहरींनी जीप आधी केंद्रापाशी थांबवून, केंद्राचा प्रतिनिधी म्हणून, सुरैयाला बरोबर घेतलं.

साकवावर गोजराबाई आणि बहिरू होते. नरहरींनी मोजपट्टी बाजूला ठेवली आणि सातव्या फळीवर पाय दिला. मग दुसरा पाय दिला. मग जरा उडी मारून पाहिली. त्यांचा चेहरा पडला.

"ही फळी हलत नाही."

"न्हाईच हलत," गोजराबाई म्हणाली.

"पण दप्तरात हलतेय. ४१,३७१ अर्जांत हलतेय, बाई. चौदा कार्यालयांनी तशी नोंद घेतलीय. आता मी खरं कुणाचं मानू?"

"आवो, तुमी सोता उबं हाय की तिच्यावर!"

"मी उभा असलो तरी पाय काही पुरावा होत नाही," नरहरी म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी गोजराबाईला सावलीत बसवलं आणि शांतपणे समजावून सांगितलं. फळी निखळलेली असेल तरच दुरुस्ती मंजूर होऊ शकते. फळी घट्ट असेल तर ४१,३७१ अर्ज खोटे ठरतात. खोटा अर्ज करणाऱ्यावर कारवाई होते, आणि प्रत्येक अर्जावर नाव गोजराबाईचं आहे. एका खोट्या अर्जाचं एक वेळ मिटवता येतं, एक्केचाळीस हजारांचं कसं मिटवणार? तेव्हा तिच्याच भल्यासाठी फळी मूळ स्थितीत आणणं आवश्यक आहे.

"म्हंजी बोल्ट काडनार?" बहिरूने विचारलं.

"तात्पुरते. मंजुरी आली की बसवूच."

जीपमध्ये पाना नव्हता. तो बहिरूनेच घरून आणून दिला. चारही बोल्ट निघाले. ते एका पाकिटात घातले गेले, पाकिटाला लाख लावली गेली, आणि नरहरींनी ते सुरैयाच्या हाती दिलं. "हे चढव."

"बोल्ट चढत न्हाईत, सर. फाइलच चढते."

"मग जपून ठेव. निवडनस्तीला."

पंचनाम्यावर सुरैयाची सही हवी होती. गोजराबाई तिच्याकडे बघत होती. सुरैयाला माहीत होतं की हा शुद्ध मूर्खपणा आहे. तीस तारखेला सहा दिवस राहिलेत, हेही माहीत होतं. तिने सही केली. तिला स्वतःची लाज वाटली.

गुरुवारी सकाळी साडेनऊला गोजराबाई पडली.

कडेवरचं पोर तिने आधी पलीकडे ठेवलं होतं, म्हणून ते वाचलं. पातेल्याच्या खेपेला सातवी फळी उठली. पातेलं ओढ्यातून वाहत गेलं आणि गोजराबाई कठड्याच्या नळीला धरून लोंबकळत राहिली. बहिरूने तिला वर ओढलं तेव्हा उजवं मनगट मोडलेलं होतं. अंगणवाडीतली सतरा पोरं दोन वाजेपर्यंत रिकाम्या ताटल्या घेऊन बसली. मग कुणीतरी बिस्किटं आणली.

अपघाताचा अहवाल सुरैयानेच चढवला. निरंजन साहेबांनी तसं सांगितलं होतं. पट्टी सरकली, आणि अडतिसाव्या सेकंदाला मोडलेलं मनगटही निकाली निघालं. अर्ध्या तासात उत्तर आलं, ते अर्थात मंडपवाल्याचं: 'कार्यक्रम कोणता आहे? खुर्च्या किती?'

संध्याकाळी ती गोजराबाईला भेटायला गेली. शिव्या खायची तयारी करूनच गेली होती. प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून गोजराबाई म्हणाली, "तुजं काय चुकलं, पोरी? तू तर म्होरं पाटीवलंस." त्यात टोमणा नव्हता. तो असता तर सुरैयाला बरं वाटलं असतं. बाहेर येऊन ती पायरीवर बसून रडली, आणि रडताना तिला गोजराबाईपेक्षा स्वतःच्या सहीचीच आठवण जास्त येत होती. त्याचाही तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने टेबलाच्या खणातून पाकीट काढलं, लाख फोडली आणि वडिलांच्या स्कूटरवर मागे बसली. या वेळी पाना तिने चालवला. अल्लाबक्षने फक्त "अजून येक आटा दे" एवढं सांगितलं. बहिरूने सवयीने फोन बाहेर काढला, तर तिने तो काढून घेऊन आपल्या जेवणाच्या डब्यात ठेवला आणि निघताना परत दिला. फोटो नाही, नोंद नाही, 'काम झाले' तर नाहीच नाही.

पाकिटात अल्लाबक्षने दुकानच्या डब्यातले दुसरे चार बोल्ट टाकले आणि दुकानातलीच लाख लावून दिली. पुरावा पूर्ण आहे, पाकीट खणात आहे. सरकारी दप्तरात सातवी फळी आजही निखळलेली आहे, आणि म्हणूनच साकवावर ती घट्ट राहू शकली आहे. तालुक्यात गेल्या वर्षभरात धड झालेलं आणि धड टिकलेलं असं हे एकच काम. कारण ते कुणाला कळवलेलं नाही.

बाकी सगळं उत्तम चालू आहे. निरंजन साहेबांना शंभर टक्के निकालीबद्दल ढाल मिळाली. सुरैयाचा करार आणखी अकरा महिन्यांनी वाढला. अल्लाबक्षने कॅलेंडरात नवा गोल काढला. अर्ज अजून फिरतो आहे आणि गेल्या आठवड्यात त्याच्या प्रतींनी राज्याच्या लोकसंख्येला मागे टाकलं. नरहरींकडे मात्र पुन्हा काही आलेलं नाही. ते 'इतर'ची वाट पाहत जीपमध्ये डिझेल भरून तयार असतात.

म्हणूनच या हकिकतीत वस्तीचं नाव दिलेलं नाही, आणि माणसांची नावं बदललेली आहेत. साकव बदलता आला नाही. मुळशीत ज्यांचं जाणं-येणं आहे त्यांना तो ओळखू येईल.

आता तुम्ही ही हकिकत वाचलीत. एक-दोनदा हसला असाल. मनगटापाशी वाईटही वाटलं असेल. ते वाटणं फार वेळ जवळ बाळगायला आपल्याला जमत नाही, आणि तुमचा अंगठा या क्षणी कुठे आहे, तेही आम्हाला ठाऊक आहे. पानाचा फोटो काढाल, वर 'जरूर वाचा' लिहाल, चार ग्रुपवर पाठवाल, आणि आपण काहीतरी केलं असं वाटून चहा घ्याल. त्या चारांतून ती चौदांत जाईल, आणि त्यांतल्या एखाद्या ग्रुपवर नरहरी असतीलच.

पाठवा, आमचं काही म्हणणं नाही. फक्त वेळ पाहून पाठवा. जीपला पौडहून तिथे पोचायला पाऊण तास लागतो, बोल्ट काढायला दहा मिनिटं, आणि गोजराबाईचं प्लास्टर आता निघालंय. साडेनऊला ती साकवावर असते.